नाग समजून जपलेला पतंग

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल तर झाडाचं पान समजूनच पाहिलं असेल आणि पुढे गेला असाल. मी एक म्हातारा पतंग आहे. आषाढात जन्मलो, श्रावणात झोपलो आणि आता गणपती बसायच्या आतच माझे पंख झिजून गेले आहेत. एवढ्याशा आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी दोनदा जगलो आहे. पहिल्यांदा अळी म्हणून आणि दुसऱ्यांदा पतंग म्हणून. या दोन जगण्यांच्या मध्ये एक लांब झोप होती. त्या झोपेपलीकडचं सगळं मला आता स्वप्नासारखं आठवतं. त्यातलं काय खरंच घडलं आणि काय झोपेत दिसलं, हे मलाही नीट सांगता येत नाही. तरी आठवेल तसं सांगतो.

घाटकोपरला एक जुनी तीन मजली इमारत आहे. तिच्या डोक्यावरून विमानं इतकी खाली उतरतात की गॅलरीतले वाळत घातलेले कपडे हलतात. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला तगरीचं मोठं झुडूप आहे. त्याच्या एका कोवळ्या पानाच्या मागे माझ्या आईने मला ठेवलं आणि ती निघून गेली. आमच्यात आया थांबत नाहीत. जिथे पोराला खायला मिळेल ती जागा शोधून द्यायची, एवढीच त्यांची माया.

मी होतो मोहरीएवढा. फिकट हिरव्या अंड्यातून बाहेर आलो, आधी ते रिकामं टरफल खाल्लं आणि मग पान कुरतडायला लागलो. तगरीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो कडू असतो, म्हणून शेळीसुद्धा तगरीच्या वाटेला जात नाही. मला मात्र तो गोड लागायचा. दिवसभर खायचं आणि पानाच्या सावलीत पडून राहायचं. अंगावरची कातडी तंग झाली की फांदीला घट्ट धरून मी गप्प बसायचो. मग ती मागे सरकायची आणि आतून नवा, ओला, जरा मोठा मी बाहेर यायचो. असं होताना दर वेळी मला वाटायचं, आता मी कुणी दुसराच होणार. पण पुन्हा अळीच व्हायचो आणि पुन्हा भूक लागायची.

मोठा झालो तेव्हा मी माणसाच्या बोटाएवढा जाड होतो. अंग हिरवंगार, दोन्ही कुशींना पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि शेपटीवर एक बाकदार काटा. तो काटा टोचत नाही हं, नुसता शोभेचा आहे. माझे खरे डोळे टाचणीच्या टोकाहून लहान. पण मानेजवळ दोन मोठे निळे डोळे होते, काळ्या कडेचे, मध्ये पांढरी चमक असलेले. त्यांनी मला काही दिसायचं नाही. ते नुसतं चित्र होतं.

त्या चित्राचा उपयोग मला एके सकाळी कळला. एक दयाळ पक्षी आमच्या झुडपात रोज येऊन माझी भावंडं उचलून नेत होता. त्या दिवशी तो माझ्या फांदीवर उतरला. मी घाबरून डोकं आत ओढून घेतलं. त्याबरोबर माझी मान फुगली आणि ते दोन निळे डोळे एकदम मोठे झाले. दयाळाने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि भुर्रकन उडून गेला. मी बराच वेळ तसाच फुगून बसलो होतो. आपल्या अंगावर आपल्याला भिववणारं कुणीतरी राहतं आहे, असं मला वाटत होतं.

या झुडपाची फुलं दोन बायका न्यायच्या. पहिल्या मजल्यावरच्या इरावतीबाई उजाडताच येऊन उमललेली फुलं तोडायच्या. त्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या होत्या आणि इमारतीच्या बागेचं सगळं त्याच बघायच्या. दुसरी तळमजल्यावरची वनमाला. ती मूळची मालवणकडची. तिचा नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती मुलगा आणि सून यांच्याबरोबर राहायची. ती तिन्हीसांजेला कळ्या काढायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी त्या देवापुढेच उमलायच्या. एकीने फुलं घ्यायची, दुसरीने कळ्या, असा त्यांचा न बोलता ठरलेला करार होता. तरी अधूनमधून कुरबूर व्हायचीच. वनमाला सगळ्या कळ्या नेते मग सकाळी फुलं कुठून येणार, असं इरावतीबाई म्हणायच्या.

आम्हाला तुमच्यासारखे कान नाहीत. पण झाडाखाली कुणी बोललं की फांदी थरथरते आणि ते बोलणं पायांतून अंगात शिरतं. असंच एक बोलणं श्रावण लागता लागता माझ्या अंगात शिरलं.

“अगं वनमाला, काय दशा झालीय बघ तगरीची. वर नुसत्या काड्या राहिल्यात.”

“पाऊस लागलो आसात, वहिनी.”

“पाऊस पानं खातो होय? खाली बघ, मिरी सांडल्यासारखं काय पडलंय. अळ्या आहेत अळ्या. आता सीताराम आला की सांगते त्याला. सगळ्या फांद्या छाट म्हणावं, बुंध्याची माती खणून काढ आणि औषध मार.”

“मगे फुलां?”

“फुलांसाठीच तर चाललंय. श्रावणभर देवाला काय काड्या वाहायच्या?”

ती मिरी म्हणजे माझीच विष्ठा होती, हे सांगायला मला लाज वाटते. इरावतीबाईंचं काही चुकत नव्हतं. मीच त्यांच्या देवाची फुलं आधी पानं असतानाच खाऊन टाकत होतो. पण मला दुसरं काही खाता येत नव्हतं. छाटलेल्या फांदीबरोबर जायचं, की औषधाने मरायचं, की कोष करायला मातीत शिरल्यावर कुदळीखाली सापडायचं, एवढंच आता ठरायचं होतं. सीताराम माळी आठवड्यातून एकदा यायचा.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वनमाला कळ्या काढायला आली. खालची फांदी तिने हाताने वाकवली आणि मी तिच्या तोंडासमोर आलो. मी पुन्हा घाबरलो, डोकं ओढून घेतलं आणि फुगलो. तिने फांदी सोडली नाही. अगदी हळू ती फांदी जागेवर नेऊन ठेवली, दोन पावलं मागे सरकली आणि हात जोडले.

“बाबा, पंचमीच्या आदल्या दिवशी हय इलंस?” ती म्हणाली.

मित्रांनो, वनमालाच्या गावी नागपंचमीला मातीचा नाग आणून घरात पुजतात. घाटकोपरला आल्यापासून तिला तसा नाग मिळाला नव्हता. ती दरवर्षी पाटावर चंदनाने नाग काढायची आणि म्हणायची, यंदाही चित्रावरच भागव रे बाबा. आणि आता सणाच्या आदल्या दिवशी, तिच्याच दारातल्या झाडावर, मोठ्या डोळ्यांचं एक हिरवं पिल्लू तिला दिसलं होतं. तिने मला नागाचं पोर समजावं यात नवल ते काय? मी तिची चूक दुरुस्त करू शकत नव्हतो. आणि खरं सांगू, करता आली असती तरी मी केली असती की नाही कोण जाणे. आजवर माझ्याकडे बघून सगळे एक तर खायला आले होते किंवा किळसून मागे सरले होते. हात जोडणारी ती पहिलीच.

नागपंचमीची सकाळ झाली. वनमालाने तगरीखाली पाट मांडला. त्यावर चंदनाचा नाग, बाजूला दुधाची वाटी, लाह्या आणि गुळाचा खडा. ही बातमी जिन्यावरून वर गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकासुद्धा खाली येऊन हळदकुंकू वाहून गेल्या. इतक्यात फाटक वाजलं. खांद्याला औषधाचा पंप आणि हातात कुदळ घेऊन सीताराम आला. इरावतीबाईही खाली उतरल्या.

“सीताराम, हीच ती तगर. कर सुरुवात.”

वनमाला मध्ये येऊन उभी राहिली. “आज खणूचा नाय, चिरूचा नाय, तळूचा नाय. वहिनी, तुमच्या घरात आज विळी काढलास काय?”

इरावतीबाईंच्या घरीही आज उकडलेले पुरणाचे दिंडच होते. विळीला, तव्याला त्यांनीही हात लावला नव्हता.

“बरं, खणू नको. औषध तरी मारू दे. ते काही चिरणं नाही.”

“नागाच्या अंगार औषध मारतलास? आजच्या दिवशी?”

“कुठला नाग? या बिल्डिंगमध्ये नाग येतोय कुठून?”

वनमालाने फांदी वाकवून दाखवली. इरावतीबाईंनी चष्मा वर घरीच ठेवला होता. त्या वाकून जवळ आल्या आणि मी फुगलो. त्या इतक्या झटकन मागे आल्या की सीतारामच्या पंपाला धडकल्या.

“बाई, मी पुढच्या खेपेला येतो,” सीताराम म्हणाला. “माझ्या आईला कळलं आज कुदळ धरली, तर ती मला घरात घेणार नाही.”

तो गेला. इरावतीबाईंनी थोड्या वेळाने खाली येऊन मुकाट्याने हळदकुंकू वाहिलं आणि वनमालाला दिंड दिले. वनमालाने त्यांना हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिल्या. झुडपावर बसून मी हे सगळं अंगात साठवत होतो. त्या दिवशी मला भूक लागली नाही. पानांकडे पाहिलं तर ती फार लांबची वाटत होती. माझा हिरवा रंग आतून विझत चालला होता आणि पाठ काळपट होत होती. झाडावरून खाली जा, मातीत जा, असं कुणीतरी सांगत होतं. ते कोण होतं ते मला आजही माहीत नाही.

मी खोडावरून उतरलो. आणि तिथेच माझ्यावर मोठं संकट आलं. दुधाला आणि गुळाला मुंग्या लागल्या होत्या. पाटापासून खोडापर्यंत त्यांची रांग लागली होती. माझ्या भक्तीसाठी मांडलेल्या त्या नैवेद्याने बोलावलेल्या मुंग्या आता मलाच चावत होत्या. मी वळवळलो, फुगलो, ते निळे डोळे मोठे केले. मुंग्या चित्राला भीत नाहीत.

त्या वेळी वनमालाची सून श्रुतिका पवईच्या ऑफिसातून घरी येत होती. तिने मला पायाखाली येता येता पाहिलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने त्यावर मला अलगद घेतलं, फुंकरीने मुंग्या उडवल्या आणि मोबाईलवर फोटो काढला. मग काहीतरी शोधत ती पायरीवरच बसली.

“आई, बाहेर या. तुमचा नाग सापडला.”

“खंय?”

“हा काय.”

“ह्या? ह्या काळा आसा. तो हिरवो होतो.”

“तोच आहे. इथे बघा, आधी हिरवा, मग असा काळपट होतो. पतंगाची अळी आहे ही, तगरीवरची. डोळे म्हणजे नुसतं डिझाइन आहे.” श्रुतिका हसू दाबत होती. “आई, तुम्ही अळीला दूध ठेवलंत. आणि अख्खी बिल्डिंग पाया पडून गेली.”

वनमालाने मोबाईलमधला फोटो जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मी ओळखपत्रावर पडून होतो आणि माझ्यात फुगण्याचंही बळ नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे मला पाहता येत नव्हतं, पण तिचे हात मला जवळ जाणवत होते. कालच ते जोडलेले होते.

“काय करू याचं? फाटकाबाहेर टाकू?” श्रुतिकाने विचारलं.

“आज नको.”

“आणि उद्या?”

“उद्याचा उद्या बघू. मुंगये चढतत तेका. थंय भिंतीकडे ठेव, पाचोळ्यात.”

श्रुतिकाने मला कुंपणाच्या भिंतीजवळ, तगरीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं. मी ओल्या पानांखाली शिरलो आणि मातीत थोडा खाली गेलो. वनमालाने आतून एक फुटकी करवंटी आणली आणि त्या जागेवर पालथी घातली. त्यानंतर अंधार झाला.

आता त्या झोपेबद्दल काय सांगू? मी शेवटची कात टाकली आणि तपकिरी, गुळगुळीत कोष झालो. मला पाय राहिले नाहीत, तोंड राहिलं नाही. आतलं सगळं विरघळून गेलं, जसा गूळ पाण्यात जातो. तरी मी होतो. वरून विमान गेलं की माती हलायची आणि मला वाटायचं, मीच उडतो आहे. पाऊस मुरत यायचा आणि मला तगरीच्या चिकाची चव आठवायची, पण ती कुणाच्या तोंडातली चव ते आठवायचं नाही. त्या विरघळलेल्या मी-मध्ये कुठेतरी पंखांच्या घड्या पडत होत्या. आणि मध्येच माणसांचे आवाज यायचे, खूप वरून, पाण्यातून आल्यासारखे.

“आई, इरावतीकाकूंना काही सांगू नका ना,” श्रुतिका एकदा म्हणत होती. “नाग या कोपऱ्यात गेलाय एवढंच म्हणा. मग कोण कशाला खणतंय इथे?”

“देवाच्या नावान खोटा बोलू? माका नाय जमूचा.”

“मग सीताराम येईल आणि त्याची वाट लागेल.”

यावर वनमाला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मग तो दिवस आला. मातीतून सीतारामची पावलं आली. वर कात्रीने फांद्या कापल्याचा आवाज झाला. कुदळ जमिनीवर टेकली.

“थांब रे जरा,” वनमालाचा आवाज आला. “वहिनी, तुमका एक सांगूचा आसा. तो नाग नव्हतो. अळी होती.”

इरावतीबाईंची पावलं कोपऱ्याजवळ आली.

“म्हणजे मी ओल्या जिन्यावरून उतरून अळीला हळदकुंकू वाहिलं?”

“व्हय.”

“आणि माझे दिंड?”

“ते मी खाल्लंय.”

इरावतीबाई हसल्या. मग त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. “बरं झालं सांगितलंस. आता तरी खणू दे.”

“खणा. फांदये काढलास, तेव्हा मी काय बोललंय नाय. हो कोपरो तेवढो सोडा.”

“का गं? अळीच आहे ना? उद्या उडेल आणि परत अंडी घालेल. पुन्हा आपल्या काड्या.”

“माका म्हायत आसा.”

“मग?”

“मी तेका हात जोडलंय, वहिनी. नाव माझा चुकला. हात काय चुकले नाय.”

मित्रांनो, मी तेव्हा कोण होतो ते मलाच सांगता आलं नसतं. अळी संपली होती आणि पतंग झाला नव्हता. ज्याला अजून स्वतःचं नाव नव्हतं, त्याच्यासाठी एक म्हातारी बाई दुसरीजवळ वीतभर जागा मागत होती.

“बाई, काय करू ते सांगा,” सीताराम म्हणाला. “मला अजून दोन ठिकाणी जायचंय.”

इरावतीबाई म्हणाल्या, “भिंतीकडचं सोड. बाकीचं खण. आणि औषध राहू दे आज, फुलांना वास लागतो त्याचा.”

कुदळ पडू लागली. प्रत्येक घावाबरोबर माझी माती दचकत होती. मुळं तुटल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. एकदा कुदळ इतकी जवळ आली की तिचा गारवा मला जाणवला. मग ती दूर गेली. मी पुन्हा झोपेत उतरलो.

जागा झालो तेव्हा संध्याकाळ होती. कोष तडकला. मला पाय होते, लांब मिशा होत्या आणि पाठीवर काहीतरी ओलं, चुरगळलेलं होतं. करवंटीच्या फुटक्या कडेतून मी बाहेर आलो, भिंतीवर चढलो आणि लटकून राहिलो. पाठीवरचं ते चुरगळलेलं हळूहळू ताठ होऊ लागलं. ते पंख होते. हिरव्यावर हिरवे, मध्ये गुलाबी आणि पांढुरक्या लाटा, जशी ओल्या संगमरवरावर शेवाळाची सावली पडावी. मी थरथरलो. ती थरथर वाढत गेली आणि भिंत माझ्या पायाखालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वनमालाने करवंटी उचलून पाहिली. खाली फक्त तपकिरी टरफल होतं. तिने ते बोटाने हलवलं.

“गेला,” ती म्हणाली.

“उडून गेला, आई. चांगलंच झालं की.”

“चांगलाच झाला. बघूक मिळाला नाय एवढाच.”

त्या तिन्हीसांजेला ती नेहमीसारखी कळ्या काढायला आली. छाटलेल्या तगरीला नवी पालवी फुटली होती आणि वाचलेल्या दोन-चार फांद्यांवर फुलं उमलायला लागली होती. मी तिच्या डोक्याच्या थोडा वर, हवेत एका जागी थांबून, लांब सोंड फुलात घालून मध पीत होतो. ती खाली बघत होती. माझ्या पंखांची गुणगुण तिला विमानाच्या आवाजात ऐकू येत नव्हती. मला तिला सांगायचं होतं, पण आम्हाला आवाज नसतो.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली.

“अगं वनमाला, डोळे कुठे ठेवलेस? तुझा नाग तुझ्या डोक्यावर उडतोय.”

इरावतीबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. या वेळी त्यांनी चष्मा घातला होता.

वनमालाने मान वर केली. तिच्या ओंजळीत कळ्या होत्या, त्यामुळे तिला हात जोडता आले नाहीत. ती नुसती उभी राहिली. मी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेलो तशी तिची मान फिरत गेली.

“कसलो रे देखणो तू,” ती हळूच म्हणाली.

आजवर माझं कौतुक झालं ते एवढंच. ते कौतुक नागाचं नव्हतं, माझं होतं.

त्यानंतर मी खूप उडालो. मधुमालतीवर गेलो, लोकांच्या गॅलरीतल्या मोगऱ्यावर गेलो, दिव्यांना धडकलो. आता पंखांच्या कडा फाटल्या आहेत आणि अंगावरची हिरवी भुकटी झडते आहे. मी भिंतीवर बसलो की मला पुन्हा झोप येते. ही झोप त्या झोपेसारखी आहे की वेगळी, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडाची पानं कुरतडलेली दिसली तर रागवा, फांद्या छाटा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त औषधाचा पंप उचलायच्या आधी एखादं पान उलटून बघा. तिथे कोण आहे ते ओळखता आलं नाही तरी चालेल. काहीतरी चुकीचं नाव द्या, पण थोडा वेळ थांबा. आणि एखाद्या सकाळी जिन्यात मी पडलेला दिसलो, तर केराबरोबर लोटण्याआधी एकदा खाली बसा आणि पाहा. पंखांवर थोडा हिरवा रंग तेव्हाही शिल्लक असेल.